नवरीच्या केसांचा फुगा



लग्नसराई तोंडावर आली की या सदराकडे केसांविषयीची पत्रे जमू लागतात. केस गळतात, अकाली पिकतात, टोकांना फाटे फुटतात. काळेवाडीहून आलेले एक पत्र मात्र जरा निराळे आहे. मुलीचे लग्न ठरले आहे. मुलगी चाकणला कंपनीत कामाला जाते. तिने मोबाइलवर सिनेमातल्या बायकांची 'रेड कार्पेट' केशरचना पाहिली आहे आणि रिसेप्शनला तशीच हवी म्हणते. पार्लरमध्ये चौकशी केली तर त्यांनी आधी केस 'केराटिन' करून घ्या, मग रचना छान बसेल, असे सांगितले. त्याचा खर्च मुलीच्या जवळजवळ अर्ध्या पगाराएवढा आहे. करावे की नाही, असे आईने विचारले आहे.

उत्तर आधीच देते. केराटिन करू नये. रचना मात्र जरूर करावी, आणि ती घरी करता येते.

आधी हे रेड कार्पेट म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत ऑस्कर पारितोषिकांच्या सोहळ्याला पाहुणे ज्या लाल गालिच्यावरून आत जातात, त्याचे हे नाव. तिथे १९६१ पासून हा गालिचा अंथरला जातो. याच सोहळ्यात १९८३ साली आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले आणि भारताला मिळालेले ते पहिले ऑस्कर ठरले. नाव नवे असले तरी तिथल्या बायकांच्या डोक्यावर दिसणारा उंच, गुळगुळीत फुगा आपल्या आयांना आणि आज्यांना ठाऊक आहे. १९६७ च्या 'अॅन इव्हनिंग इन पॅरिस'मध्ये शर्मिला टागोर यांच्या डोक्यावर तो होता आणि त्या काळी गावोगावच्या फोटो स्टुडिओत पोरी तो काढून बसत. केस कमी असले तर आत गंगावन दडपायचे. आता त्याला पार्लरमध्ये 'पफ' म्हणतात.

मोबाइलवरचे ते फोटो नीट न्याहाळा. टाळूवरचे केस मुळापासून उचललेले असतात आणि वरचा एक पातळ थर तेवढा गुळगुळीत विंचरलेला असतो. खालच्या थरात मुद्दाम केलेला गुंता असतो, तो आपल्याला दिसत नाही इतकेच. म्हणजे या रचनेला खालचे केस थोडे खरखरीत लागतात. एकावर एक अडकतील तरच ते उभे राहणार. आता केराटिन किंवा स्मूदनिंगमध्ये काय होते? केस सरळ, घसरडे आणि डोक्याला चपट बसतात. त्यासाठीच तर ते करतात. मग लग्नाच्या दिवशी त्याच चपट केसांना फुगवण्यासाठी पुन्हा स्प्रेची अर्धी बाटली, स्पंजची गादी आणि निराळे बिल. आधी पैसे देऊन केस बसवायचे आणि पुन्हा पैसे देऊन उठवायचे, हा हिशेब आपल्या घराला परवडणारा नाही. नावावर जाऊ नका. केराटिन हे केसांचेच प्रथिन आहे, आपली नखे आणि गाईची शिंगेही त्याचीच बनतात. ते बाहेरून थापून केस नवा होत नाही.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट तब्येतीची आहे. या उपचारांच्या अनेक द्रावणांतून, वर तापती इस्त्री फिरवली की फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रेते टिकवायला जे फॉर्मलिन वापरतात, ते याचेच पाण्यातले रूप. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोग करणारे ठरवले. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, हे तर तिथल्या तिथे कळते. 'फॉर्मल्डिहाइड नाही' असे लिहिलेल्या अनेक बाटल्यांत ग्लायॉक्झिलिक आम्ल असते. ट्युनिशियातील एका २६ वर्षांच्या तरुणीला केस सरळ करून घेतल्यानंतर दर वेळी, असे तीन वेळा, मूत्रपिंडाचा आजार झाला. २०२४ साली फ्रान्सच्या डॉक्टरांनी ही हकिगत प्रसिद्ध केली आणि उंदरांवर प्रयोग करून बोट याच आम्लाकडे दाखवले. नवरी हा धूर एकदा घेते. पार्लरमधली हेल्पर मुलगी तो दिवसभर घेते, आणि ती मुलगी बहुधा आपल्याच वस्तीतली असते. तिने तरी खिडकी उघडी ठेवूनच काम करावे आणि बाटलीवर काय लिहिले आहे ते मालकिणीला विचारावे.

लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदाच काळी मेंदी किंवा डायही लावू नये. त्यातल्या रसायनाने काहींचे कपाळ, पापण्या सुजतात. लावायचीच असेल तर कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी.

आता कामाला लागू. ही रचना एकटीने होत नाही. स्वतःच्या टाळूमागचे केस स्वतःला दिसत नाहीत. नणंद, मावशी, शेजारीण, जिचा हात हलका असेल तिला धरा आणि लग्नाच्या पंधरा दिवस आधी एका सुट्टीच्या दिवशी पूर्ण तालीम करा. सामान थोडेच लागते: एक दांडीचा बारीक कंगवा, एक मऊ ब्रश, सात-आठ मोठे रोलर, दोन डझन काळ्या पिना, डझनभर आकडे, अंबाड्याची जाळी आणि हेअर स्प्रेची लहान बाटली. काळेवाडीचा पूल ओलांडून पिंपरी कॅम्पात गेलात की हे सारे मिळेल. रोलर नसले तर जुन्या सुती साडीच्या चिंध्या चालतात. आपल्या आज्या चिंध्यांवर केस गुंडाळून निजत आणि सकाळी कुरळ्या बटा घेऊन उठत.

केस धुवायचे ते आदल्या दिवशी. अगदी त्याच सकाळी धुतलेले केस फार घसरतात आणि पिना धरत नाहीत. तेल चोपडून ठेवायचे असेल तर तीन-चार दिवस आधी. आदल्या संध्याकाळी हळदीचा कार्यक्रम असला तर (हळद असावी की नसावी, हा वाद या सदराचा नाही) डोक्याला घट्ट रुमाल बांधा. हळदीचे तेल मुळाशी गेले की दुसऱ्या दिवशी कितीही विंचरा, फुगा बसणार. हळद आटोपल्यावरच केस धुतले तर सर्वांत बरे.

पाण्याकडे लक्ष द्या. काळेवाडी, रहाटणी, थेरगावच्या नळाला येणारे पाणी पवनेचे. पण २०१९ च्या नोव्हेंबरात महापालिकेने एक दिवसाआड पाणी देणे सुरू केले, आणि बऱ्याच इमारतींत वापराला बोअरचे पाणी असते. बोअरच्या जड पाण्यात अंगाचा साबण फेसाळत नाही, त्याचा चिकट थर केसांवर बसतो. केस निस्तेज दिसतात ते अनेकदा त्यामुळे. तेव्हा केसांना साबण नको, शाम्पू किंवा शिकेकाई घ्या आणि शेवटची अर्धी बादली तरी नळाच्या पाण्याची साठवून ठेवा. कंडिशनर लावलात तर फक्त टोकांना. मुळाशी लावला की केस जड होऊन बसतात.

फुगा खरा तयार होतो तो केस वाळवताना. चुरगळलेल्या सुती सदऱ्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की तो सदरा त्या आकारात राहतो. केसाचे तसेच आहे. पाणी लागले की केसातले बारीक बंध सुटतात आणि केस वाळताना ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत ते पुन्हा जुळतात. ओले केस डोक्याला चिकटवून भांग पाडला आणि तसेच वाळू दिले तर ते चपटच राहणार. म्हणून मान खाली घालून केस पुढे सोडा, टॉवेलने न चोळता टिपून घ्या आणि बोटांनी मुळे उचलत पंख्याखाली वाळवा. ड्रायर असेल तर केस बरेचसे सुकल्यावरच लावा. एक गोष्ट कटाक्षाने पाळा, ओल्या केसांना तापलेला चिमटा किंवा इस्त्री कधीही लावू नका. केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होते, आत बुडबुडे येतात आणि केस तिथून तुटतो. तो चर्र आवाज येतो ना, तो त्याचाच.

केस किंचित दमट असताना टाळूवरची एक-एक पट्टी घ्या. पट्टी रोलरपेक्षा रुंद नसावी. ती सरळ वर, थोडी पुढे झुकवून धरा आणि टोकापासून मुळापर्यंत गुंडाळत या, म्हणजे रोलर मुळावरच बसेल. कपाळापासून मागे टाळूपर्यंत चार-पाच रोलर पुरेत, कानाजवळ दोन-तीन. मग पूर्ण वाळू द्या. ड्रायरची उष्णता दिली असेल तर गार होऊ द्या. गरम असताना काढलेला रोलर म्हणजे साच्यातून आधीच काढलेली वीट.

रोलर काढल्यावर हात आवरा, लगेच विंचरू नका. कपाळाजवळची दोन बोटे रुंदीची पट्टी पुढे सोडून चाप लावा. हीच पट्टी शेवटी सगळ्यावर पांघरायची आहे. तिच्यामागची बोटभर जाडीची बट सरळ वर धरा आणि कंगवा मुळाकडे, उलटा, आखूड-आखूड फिरवा. मुळापासून तीन-चार बोटे उंचीपर्यंतच, आणि बटेच्या मागच्या अंगाने. बट मागे टाकली की पुढचे अंग वर येते, ते गुळगुळीत राहायला हवे. चार-पाच बटा अशा केल्या की टाळूवर एक उशी तयार होते. ज्यांचे केस विरळ आहेत त्यांनी आत जाळीत गुंडाळलेला केसांचा लहानसा गोळा ठेवावा. विंचरताना निघालेले स्वतःचेच केस काही महिने जमवले तर रंग अगदी जुळतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस कोणाचेही गळतात, तेव्हा माल कमी पडणार नाही!

आता पुढची पट्टी मागे घ्या आणि मऊ ब्रशने फक्त वरवर विंचरा. कंगव्याचे दात आत गेले की सगळी मेहनत वाया. कपाळावरचे भुरभुरते केस बसवायला जुन्या टूथब्रशवर थोडा स्प्रे मारून तो फिरवा. चकाकीसाठी खोबरेल तेलाचा एकच थेंब तळहातावर चोळून हात वरून फिरवला तरी पुरतो. मागे केस गोळा करून मानेजवळ सैल अंबाडा घाला. नऊवारीतल्या आजीचा खोपा आणि ही रेड कार्पेटची रचना यांच्यात अंतर आहे ते एवढेच. पीन लावताना तिची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवा, म्हणजे ती केस धरून ठेवते. बऱ्याच जणी ती उलटी लावतात आणि पीन निसटते म्हणून पिनेला दोष देतात. दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावल्या की तो फुगा हलत नाही.

आणि हलता कामा नये, कारण त्या गालिच्यावरच्या बाईला कोणापुढे वाकावे लागत नाही. आपल्या नवरीला तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला फुले वाहून तीनदा वंदन करायचे असते, आईवडिलांच्या पाया पडायचे असते आणि गळ्यात हार घालून घ्यायचा असतो. म्हणून लग्नविधीच्या वेळी फुगा बेताचा ठेवा आणि अंबाडा खाली ठेवा, म्हणजे हार अडकत नाही. रिसेप्शनला हवी तेवढी उंची द्या. तालमीच्या दिवशी मुलीला तीनदा कपाळ जमिनीला टेकवून उठायला सांगा. उठल्यावर फुगा होता तिथेच असेल तर तुमची रचना पास.

इथेच एक धोका सांगते. स्प्रेमध्ये अल्कोहोल असते आणि डब्यातला तो फवारा बाहेर ढकलायला बहुधा स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेट घेणारा वायू भरलेला असतो. वंदनेच्या टेबलावर मेणबत्त्या आणि अगरबत्ती पेटलेल्या असतात. स्प्रे ताजा असताना केस ज्योतीजवळ गेले तर क्षणात भडकतील. स्प्रे मारायचा तो स्वयंपाकघरापासून दूर, खिडकी उघडून, डोक्यापासून सव्वा वीत अंतरावरून, डोळ्यांवर हात धरून. तो पूर्ण वाळल्याशिवाय नवरीला मंचावर नेऊ नका, आणि मेणबत्त्या प्रतिमेच्या पुढे न ठेवता दोन बाजूंना ठेवा. पांढऱ्या साडीवर खांद्याला टॉवेल टाकायला विसरू नका. हॉलवर जायचे तर रिक्षा करा. फुगा मोडेल म्हणून हेल्मेट न घालता दुचाकीवर बसणे हा वेडेपणा झाला.

काही वडीलधाऱ्यांना हे सारे नटणे-मुरडणे वाटेल. त्यांनी १९२७ च्या डिसेंबरातले महाड आठवावे. सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या आपल्या बायकांना बाबासाहेबांनी लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने टाकून द्यावेत, हे मुद्दाम सांगितले होते. अंगावरच्या ज्या खुणांवरून जात ओळखली जात होती त्या पुसायला त्यांनी सांगितले, आणि बायांनी तिथल्या तिथे साड्या नव्या तऱ्हेने नेसून दाखवल्या. चारचौघांत नीटनेटके दिसणे ही आपल्या घरात उथळ गोष्ट कधीच नव्हती. उधळपट्टी निराळी.

ज्या मुली कंपनीत जातात त्यांचे केस आठवडाभर टोपीखाली करकचून बांधलेले असतात. यंत्राजवळ ते तसेच हवेत, त्याला पर्याय नाही. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत वेरोनिका लेक नावाच्या नटीची एका डोळ्यावर केस सोडण्याची तऱ्हा फार गाजत होती. कारखान्यात काम करणाऱ्या मुली तिची नक्कल करत आणि त्यांचे केस यंत्रात सापडत. शेवटी सरकारने त्या नटीलाच केस बांधायची विनंती केली आणि तिने ती मानली. तेव्हा टोपी घालाच, पण रबरबँडऐवजी कापडी बंध वापरा आणि अंबाड्याची जागा रोज बदला. एकाच जागी वर्षानुवर्षे ताण पडला की कपाळाजवळचे केस मागे सरकत जातात आणि पुढे परत उगवत नाहीत. भांगही अधूनमधून दुसऱ्या बाजूला पाडावा. एका बाजूला पडून राहायची सवय लागलेली मुळे त्याने उठतात आणि काही न करता थोडा फुगा मिळतो.

आता राहिले उतरवणे. लग्नाच्या रात्री सगळे दमलेले असतात, नवरी तशीच झोपते. हे टाळा. उलटे विंचरून केलेला गुंता रात्रभर उशीवर घासला की तो घट्ट होतो आणि सकाळी ओढून काढताना मूठभर केस तुटतात. आधी पिना मोजून काढा. मग बोटांना खोबरेल तेल लावून गुंता सैल करा आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकापासून सुरुवात करत हळूहळू मुळाकडे जा. वरून खाली ओढू नका.

गुंता सोडवला नाही तर काय होते, ते जट आलेल्या बाईच्या डोक्याकडे पाहिले की कळते. केस न विंचरल्याने, मळाने आणि तेलाने एकमेकांत विणले जातात, दुसरे काही नाही. पण लोक तिला देवीचे बोलावणे म्हणतात, कापू देत नाहीत आणि ती बाई वर्षानुवर्षे ते ओझे मानेवर वागवते. पुण्याच्या नंदिनी जाधव मूळच्या ब्यूटी पार्लर व्यवसायातल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम हाती घेतल्यावर त्यांनी अशा शेकडो बायकांची समजूत घालून त्यांच्या जटा स्वतःच्या हातांनी कापल्या. काळेवाडी, पिंपरीच्या आपल्या चाळींत अशी कोणी मावशी असेल तर तिला धाक घालू नका, तिच्याजवळ बसा. ती तयार झाली की समितीच्या कार्यकर्त्यांना बोलवा. कात्री घरातली चालते, पण मानेजवळ जपून लावावी लागते.

पुढील अंकी: बाळंतपणानंतर केस का गळतात.